पदराची उलटी बाजू

"जरा बाजूला व्हा, चित्रात येताय."

आमच्या वेदश्रीनं अनिशला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. श्रावणातली झिमझिम होती. धारवाडला सप्तापुरात आमच्या दुकानाच्या पत्र्यावरून धारा लागल्या होत्या आणि ही पोरगी त्या धारांचा व्हिडिओ काढत उभी. तेवढ्यात काळ्या कोटातला एक उंच मुलगा आडोशाला आला, पोटाशी पिशवी घट्ट धरून. हिनं हटकलं तसा निमूट बाजूला झाला — तो नेमका पन्हळीखाली. डोक्यावर धो धो पाणी, आणि पिशवी मात्र कोटाच्या आत.

"अहो, बर्री, आत या," ती हसू दाबत निम्म्या कानडीत म्हणाली. "पिशवीत काय अंडी उबवताय?"

"आईची साडी आहे." त्याच्या चष्म्यावरून पाणी गळत होतं. "मी भिजलो तर वाळेन. हिला पाणी लागलं तर... घरात घेणार नाही मला."

मी, म्हणजे वेदश्रीची आई हेमावती, आत सुई घेऊन बसले होते. मान वर केली नाही, पण कान होते.

आमचं काम कसुतीचं. काळ्या इरकलीवर धागे मोजून रथ, गोपूर, मोर उठवायचे. गाठ मारायची नाही. दोरा गेला त्याच वाटेनं परत आणायचा, म्हणजे साडी पलटली तरी नक्षी तशीच दिसते. वेदश्री हे फोनवर दाखवायची. "उलटी बाजू बघा," म्हणायची, पदर पलटायची, आणि बघणारे खूश. बंगळूर-पुण्याच्या मागण्या त्यामुळंच यायच्या. मी शाळेत जेमतेम गेलेली, मला त्या फोनातलं कळत नाही. पण तो वाजला की पोरगी हातातला घास टाकून उठते, एवढं कळत होतं.

मुलाचं नाव अनिश. राहणार हुबळीला केशवापुरात, धारवाडच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली. त्यानं साडी उलगडली. पदरावर अर्धाच रथ होता, पण हात असा की मीसुद्धा उठून बघायला आले.

"पुरा करून देऊ?" वेदश्रीनं विचारलं.

"आई परक्याची सुई लागू देत नाही. माझी चालेल... बहुतेक. मला शिकवाल?"

तिनं त्याची बोटं बघितली. "ही बोटं आहेत की शेवग्याच्या शेंगा?"

"का, शेवगा आवडत नाही तुम्हाला?"

मी खाकरले. दोघांनी माना साडीत घातल्या.

मग तो शनिवारी दुपारी यायला लागला. बोटं टोचून घ्यायचा, दोरा गुंतवायचा, आणि ही त्याच्या शेजारी बसून फणकारायची.

"दोरा ओढताय की बैल?"

"साक्षीदाराला असं दरडावलं तर तो खरं सांगत नाही, बाई."

"मी काही विचारलंय का?"

"विचारत नाही, तेच तर..." एवढं बोलून तो सुईच्या नेढ्यात बघत बसायचा. कान लाल.

एकदा तो हळूच बोलला. आईला अर्धांगाचा झटका आला होता, उजवा हात उठत नाही. बाहेर कुणाला ठाऊक नाही. ती हात पदराखाली ठेवते. हळदी-कुंकवाला जायचं सोडलं, कारण वाण डाव्या हातानं कसं घ्यायचं? बायका म्हणतात, संगीताबाई गर्वानं फुगल्या. "आईला ते चालतं," तो म्हणाला. "कीव चालत नाही. तेव्हा... हे इथंच राहू दे."

(हे लिहू का म्हणून संगीताबाईंना विचारलं. म्हणाल्या, लिहा, फक्त 'बिचारी' लिहू नका.)

तो हे सांगत होता तेव्हा फोन समोर दांडीवर उभा होता. तो नेहमीच उभा असायचा. अनिशला वाटलं बंद आहे.

त्या आठवड्यात वेदश्रीला दाखवायला नवीन काही नव्हतं. काही टाकलं नाही की तिला धास्ती वाटायची, लोक विसरतील, गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. तिनं अनिशच्या त्या बोलण्याचा तुकडा कापून घेतला. नाव घातलं नाही, चेहराही अर्धाच. खाली गाणं लावलं आणि नेहमीचं लिहिलं — उलटी बाजू बघा. साडीचं खपतं तसं माणसाचंही खपेल असं वाटलं असेल तिला. आणि खपलं की. संध्याकाळच्या आत हुबळीभर झालं. मीही शेजारच्या सरिताला कौतुकानं दाखवलं, त्याची लाज मला अजून आहे.

केशवापुरात बायका शहाळी घेऊन संगीताबाईंकडं गेल्या. एकीनं तर हात बघू म्हणून त्यांचा पदर उचलला.

दुसऱ्या दिवशी अनिश आला, शनिवार नसताना. साडीची घडी घातली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं," तो म्हणाला. "ठाऊक होतं तुम्हाला. म्हणूनच विचारलं नाहीत."

साडी पिशवीत घातली, पिशवी पोटाशी धरली. तो गेला.

तिनं व्हिडिओ काढून टाकला, पण लोकांनी तो आधीच उचलून पुढं पाठवलेला. कौतुकाचे मेसेज येतच होते, किती गोड मुलगा, किती सुंदर, आणि प्रत्येकासरशी पोरीचं तोंड काळवंडत होतं. आरशासमोर वेणी घालेना. अनिशची बसायची जागा झाडताना तिथंच बसून राहायची. तिचा जीव कुठं अडकलाय ते मला तेव्हा कळलं, आणि तिलाही बहुधा तेव्हाच.

"इथं बसून रडलीस तर त्या माउलीचा पदर खाली येणार आहे का?" मी म्हटलं. "ऊठ. जाऊ या."

संगीताबाई खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, उघडा. आता कशाला लपवायचा. वेदश्री पाया पडायला वाकली तशी त्यांनी पाय मागं घेतले.

"नाव नव्हतं घातलं म्हणे," त्या म्हणाल्या.

"नव्हतं. पण... ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं. तरी टाकलं."

"सगळ्यांनी मला बघितलं. आता मी तुला बघते. बस इथं. सुई काढ."

तिनं रुमालावर एक ओळ भरायला घेतली.

"चुकलं. उसव," संगीताबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "उसव." मग विचारलं, "तुझं दुकान बंद कधी होतं?"

"फोनवरचं? ते... होत नाही."

"दुकानाला फळ्या असतात, पोरी. फळ्या लावल्या नाहीत की गिऱ्हाईक घरात शिरतं. मग त्याला घरातलंच काहीतरी काढून विकावं लागतं. तू तर माझ्या घरातलं विकलंस."

मी खाली पडलेले उसवलेले दोरे गोळा करायला लागले.

निघताना वेदश्रीनं विचारलं, "माफ कराल?"

"नाही. गुरुवारी ये."

घरी येऊन तिनं ठरवलं, फोन दुपारच्या जेवणानंतर उघडायचा, चहाला बंद. माणसाचा चेहरा आणि माणसाचं बोलणं, 'हो' आल्याशिवाय नाही. सुरुवातीला तिचा हात उगाच फोनकडं जायचा, तंबाखू सोडलेल्या माणसासारखा. उत्तर लगेच मिळालं नाही म्हणून एक गिऱ्हाईक तोडून बोललं, काही मागण्या गेल्या. तरी ती दुपारपर्यंत सुई खाली ठेवेना.

गुरुवार मात्र चुकवला नाही. संगीताबाई डाव्या बोटानं चूक दाखवायच्या, ही उसवायची. कोर्टातून परतलेला अनिश तिच्याजवळ चहाचा कप ठेवून न बोलता आतल्या खोलीत जायचा. दार मात्र पुरतं लावायचा नाही.

नवरात्रात संगीताबाई म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर हळदी-कुंकवाला." तिथं त्यांनी डावा हात पुढं केला. "उजवा गेलाय. डावा आहे. द्या वाण." बायका वाकून बघायला लागल्या. एकीनं फोन वर उचलला, तशी वेदश्रीनं त्याच्यापुढं तळहात धरला.

"आधी त्यांना विचारा," ती म्हणाली. चेहरा लाजेनं उतरलेला, पण हात हलला नाही.

त्या संध्याकाळी अनिश तिला बसथांब्यावर सोडायला आला. भुरभुर लागली होती, छत्री एकच. ती छत्रीत, तो अर्धा बाहेर.

"राग आहे अजून?" तिनं विचारलं.

"केव्हाच गेला."

"मग बोलत का नव्हतात?"

"राग गेला म्हटलं असतं तर..." तो चष्मा पुसत राहिला. "तुमचे गुरुवार बंद झाले असते."

धारवाडची बस आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली.

"आता सगळं विचारूनच करायचं ना?" तो म्हणाला. "मग विचारतो. माझ्याशी लग्न कराल?"

तिनं छत्री त्याच्या डोक्यावर सरकवली. मग म्हणाली, "तुमच्याकडं वर बघायची... मला अजून लाज वाटते."

"मग खाली बघूनच सांगा."

वेदश्रीनं त्याच्या चिखलानं भरलेल्या चपलांकडं बघत हो म्हटलं.