धक्क्याखालचं तेल

सिर्पा रविवारी सकाळी नऊला आली आणि बूट न काढता थेट आत शिरली. टाइस्टोच्या हातातला पाव हातातच राहिला. फिनलंडमध्ये माणूस बूट न काढता घरात शिरतो तो दोनच प्रसंगी. एक, आग लागली असेल तर. दुसरा त्याला आठवेना.

"इर्मेली, माझ्या बाबांना क्लबातून काढतायत! एक वाजता बैठक आहे."

इर्मेली वुओरेला खासगी तपासनीस होती. त्याआधी तिने तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडले होते, त्यामुळे रडणाऱ्या माणसाला ती आधी खुर्ची देई आणि मग प्रश्न विचारी. टाइस्टो निवृत्त पोस्टमन. तो तिची गाडी चालवत असे आणि बाकी वेळ खात असे.

हकीकत साधी होती. उद्या क्रेन येऊन बोट क्लबाच्या सगळ्या बोटी हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर काढणार होती. त्याआधी जो तो आपल्या इंजिनाचं ऑइल बदलतो; जुनं ऑइल हिवाळाभर आत राहिलं तर इंजिन आतून खातं. काल शनिवारी सगळ्यांनी ते केलं. आज सकाळी सिर्पाच्या वडिलांच्या, म्हणजे अल्वारच्या बोटीभोवती पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. पाण्यात तेल ओतणाऱ्याची हकालपट्टी, असा क्लबाचा नियम.

"एकेचाळीस वर्षं ती जागा आमची आहे. आई गेल्यापासून ते तिथेच असतात. ती जागा गेली तर..." सिर्पा खुर्चीत टेकली.

"ते काय म्हणतात?"

"काहीच नाही. 'मी ओतलं नाही' एवढंच. पुढे तोंडाला कुलूप."

धक्क्यावर गार वारा होता. रात्रभर तो तसाच वाहत असावा, कारण बर्चची पिवळी पानं सगळ्या धक्क्यावरून वाहत येऊन अल्वारच्या कोपऱ्यात पाण्यावर साचली होती. तवंग त्या पानांतच होता.

अल्वार आपल्या लाकडी बोटीत बसला होता. वय अठ्ठ्याहत्तर. समोर थर्मास आणि दोन कप.

"कोणी येणार आहे का?" टाइस्टोने आशेने कपाकडे पाहत विचारलं.

"नाही," अल्वार म्हणाला आणि दुसरा कप खिशात घातला.

"ऑइल कधी बदललंत?" इर्मेलीने विचारलं.

"काल दुपारी. काढलेलं शेडमधल्या पिंपात टाकलं. नवं भरून इंजिन थोडं फिरवलं."

तिने त्याच्या डिझेल इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी, काढून पुसली, बुडवली, पुन्हा काढली. पातळी बरोबर. तेल मात्र कालच भरलेलं असून काळपट.

"हे असंच असतं," अल्वार म्हणाला. "डिझेलमध्ये नवं ऑइल पाच मिनिटांत काळं होतं. म्हाताऱ्याच्या इंजिनात तर दोनच मिनिटांत."

इर्मेलीने टाइस्टोकडे हात पुढे केला. "तुझा रुमाल दे. कागदाचा. पावाखालचा."

"त्यात अजून पाव आहे."

"मग खा."

त्याने आज्ञा पाळली. तिने कागद तवंगात बुडवून उजेडात धरला आणि घडी करून डबीत ठेवला. डाग टाइस्टोलाही दिसला. पाकात बुडवलेल्या पावासारखा रंग होता, म्हणून लक्षात राहिला.

शेजारच्या बोटीचा वेसा बोलायला उत्सुकच होता. अल्वारच्या जागेवर त्याचा दहा वर्षं डोळा होता. वाऱ्यापासून आडोसा होता ना!

"मी स्वतः पाहिलंय, बाई. काल संध्याकाळी म्हातारा कडेला वाकून काहीतरी काळं ओतत होता. मला पाहिलं तसा दचकला."

"वाफ येत होती?"

"येत होती की. ऑइल गरम करूनच काढतात, एवढंही ठाऊक नाही?"

"शिकतेय," इर्मेली म्हणाली.

क्लबाचा अध्यक्ष रायनर धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, 'ऑरोरा' नावाच्या चकचकीत पेट्रोल बोटीपाशी, हकालपट्टीचा ठराव पाठ करत होता.

"नियम मीच लिहिलाय. अल्वार मित्र आहे, पण नियम म्हणजे नियम."

"तुम्ही काल ऑइल बदललंत?"

"अर्थात! नवा फिल्टर लावला, ऑइल भरलं, पातळी पाहिली, मग दोन मिनिटं इंजिन चालवलं. तेवढ्यात साडेपाच झाले. माझी सौनाची, वाफेच्या आंघोळीची, पाळी साडेपाचची."

"नंतर परत आलात?"

"सौनानंतर?" रायनरने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सौनानंतर माणूस घरी जातो."

शेवटी इर्मेली शेडमध्ये गेली. जुन्या फिल्टरांच्या पेटीत प्रत्येकावर बोटीचं नाव खडूने लिहिलेलं होतं. तिने एकेक उलटा करून तोंडाची रबरी रिंग तपासली. टाइस्टोने मोजले: चौदा फिल्टर, तेरा रिंगा.

एक वाजता क्लबच्या खोलीत कॉफीचा घमघमाट सुटला. माणसाला काढतानाही कॉफी आधी, हा नियम मात्र कोणी लिहिलेला नव्हता.

"ठरावाआधी दोन मिनिटं," इर्मेली उभी राहिली आणि तिने डबीतला कागद पसरला. "हा पाण्यावरचा डाग. रंग मधासारखा. अल्वारच्या इंजिनातून निघालेलं तेल कोळशासारखं असतं. त्याचं नवंसुद्धा पाच मिनिटांत काळवंडतं. हे तेल नवं आहे, आणि पेट्रोल इंजिनातलं आहे."

"नवं तेल पाण्यात कोण ओतेल?" वेसा हसला.

"कोणीच नाही. म्हणून ते ओतलेलं नाही, सांडलेलं आहे. आणि सांडलंय अल्वारपाशी नव्हे. वाऱ्याने धक्काभरची पानं त्या कोपऱ्यात नेली, तसंच तेलही. ते आलं दुसऱ्या टोकाकडून."

खोलीत कप ठेवल्याचे आवाज झाले.

"चौदा जुन्या फिल्टरांपैकी एकाला रिंग नाही. ती गेली कुठे? इंजिनालाच चिकटून राहिली. तिच्यावर नवा फिल्टर, त्याची आणखी एक रिंग. दोन रिंगा एकमेकींवर बसत नाहीत. इंजिन सुरू झालं की दाबाने तेल फवारतं, बोटीच्या तळात जातं, आणि तळातलं पाणी फेकणारा आपोआप चालणारा पंप ते इमानाने समुद्रात फेकतो. मालक थांबला असता तर त्याला दिसलं असतं. पण त्याची सौनाची पाळी होती."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"फिल्टरवर 'ऑरोरा' लिहिलंय," टाइस्टो म्हणाला. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

रायनर उठला आणि पळतच धक्क्यावर गेला. सगळे मागे. त्याने डिपस्टिक काढली. कोरडी ठणठणीत. फिल्टर खोलला, तर आत दोन रिंगा, नवरा-बायकोसारख्या रुसून वाकड्या बसलेल्या.

"उद्या क्रेनपर्यंत हे इंजिन चालवलं असतं तर..." तो म्हणाला.

"जाम झालं असतं," अल्वारने मदत केली.

रायनरने खिशातून ठराव काढला. "नियमाप्रमाणे मला..."

"राहू दे," अल्वार म्हणाला. "पंपाने फेकलंय. पंपाला काढून टाक क्लबातून. आणि तेल शोषायच्या चादरी आण, पाणी साफ करू."

सिर्पा धक्क्यावरच बसली आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसली.

"पण मी पाहिलेलं काळं काय होतं?" वेसा हट्टाला पेटला. "वाफेचं?"

"गरम ऑइलला अशी वाफ नसते," इर्मेली हळूच म्हणाली. "कॉफीला असते. दोन कप होते, वेसा."

अल्वार आपल्या बोटीकडे चालू लागला, सगळे मागे.

"बोट बाहेर काढायच्या आधी मोसमातली शेवटची कॉफी सिर्पाच्या आईला देतो. दरवर्षी. काल हा बघत होता म्हणून अर्धीच दिली."

वेसाने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

अल्वारने खिशातला कप काढला, बोटीतल्या थर्मासमधून भरला, आणि वाकून सावकाश पाण्यात ओतला. वाफ पानांवरून सरकत गेली.

"साखर?" टाइस्टोने न राहवून विचारलं.

"ती बिनसाखरेची प्यायची."

रायनरने घसा साफ केला आणि ठरावाचा कागद बारीक फाडला.

"नियमात," तो म्हणाला, "कॉफीबद्दल काहीही नाही."