पडद्याआडचा ठोका

“पडदा हलायचा न्हाय!” नूरबानूचा आवाज माजघरात कडाडला, आणि पडद्याच्या फटीतून आत आलेली डॉक्टरांची नळी अधांतरीच थांबली.

पडद्याच्या अलीकडे तिची सात वर्षांची नात महेरुन्निसा गादीवर बसली होती. अंगात जाड कुडती, गळ्यात चांदीच्या पेट्यांचे तीन तावीज. सहा महिन्यांपूर्वी याच डॉक्टरांनी याच फटीतून, कुडतीवरूनच, तिची छाती ऐकली होती आणि “काळजात खरखर वाटते, जपा” एवढंच सांगून ते अलिबागला परतले होते. तेव्हापासून पोर अंथरुणाला खिळवलेली! धावायचं नाही, पायरी चढायची नाही, मोठ्यानं हसायचंसुद्धा नाही... आणि तिच्या प्रत्येक निःश्वासासरशी तिच्या आईचं, हुस्नबानूचं, अंतःकरण तीळतीळ तुटत होतं.

“मुंबईला नेतोय ना आता,” सासू म्हणाली. “माझा लेक करमअली मचवा ठरवायला बंदरावर गेलाय. क्ष-किरणांचा फोटो काढतील. यंत्राला काय, ना डोळा ना हात!”

डॉक्टर पलीकडून खाकरले. “फोटोत काळजाचा आकार दिसेल, आजी. आवाज कसला, ते कानालाच कळायचं. उघड्या छातीला नळी लावू द्या, मग फोटो हवा की नको ते ठरवू. मागच्या खेपेला मी मुकाट्यानं कापडावरून ऐकलं, ते माझं चुकलंच.”

“अन् परक्या मरदासमोर पोरीची कुडती काढू? सात पिढ्यांत झालं न्हाय ते!”

“अम्मा!” आठ वर्षांच्या संसारात जिनं सासूसमोर कधी मान वर केली नव्हती, ती हुस्नबानू ताडकन उभी राहिली. “एकदा ऐकू द्या त्यांना!”

“जीभ बघा हिची! करमअली येऊ दे, आजच तुझी पेटी बांधून माहेरी धाडते.”

“बांधा! डोक्यावर घेऊन चालत जाईन... पण माझ्या लेकीला अशी जिवंतपणी पुरून ठेवू देणार नाही!” ती सासूच्या पुढ्यात आली. “तुमच्या जैनबच्या वेळी काय केलंत, अम्मा? पडद्याबाहेर तिचा नुसता हात काढलात, हकिमानं नाडी पाहिली... आणि महिन्याच्या आत जनाजा उठला! तिच्या छातीत काय होतं, ते आजवर कुणाला कळलं का?”

जैनब... नूरबानूची एकुलती लेक! वीस वर्षांत ते नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली. आता ही हात उगारणार, असं हुस्नबानूला वाटलं, आणि तिनं गाल पुढे केला... पण नूरबानू नातीपाशी बसली. तिनं एकेक तावीज काढला, कुडतीच्या गुंड्या सोडल्या, आणि हात वर करून पडदा ओढून खालीच पाडला!

“ऐका, डाक्टर. पोटभर ऐका.”

डॉक्टरांनी पोरीला निजवून ऐकलं, बसवून ऐकलं, पाठीला कान दिला. ओठ, नखं पाहिली, मनगटाची नि जांघेची नाडी चाचपली. मग म्हणाले, “ओटीवर तीन फेऱ्या पळून ये पाहू.”

“पळू?” महेरुन्निसानं घाबरून आईकडे पाहिलं.

“पळ, बेटा!”

ती धापा टाकत, हसत परतली. त्यांनी पुन्हा ऐकलं, आणि नळी गळ्यात टाकली. “निजली की एक बारीक सूर येतो, उठून बसली की विरतो. वाढत्या पोरांत तो पुष्कळदा असतो, दुखणं नसताना. बाकीची खरखर कुडतीची आणि ताविजांची! फोटो नको. वर्षभरानं मी पुन्हा ऐकेन. तोवर हुंदडू द्या.”

हुस्नबानू हुंदके देऊ लागली. सासूनं तिचं डोकं छातीशी ओढलं. “माझ्या जैनबसाठी असं भांडायला मला जीभ फुटली न्हाय गं, पोरी...”

इतक्यात करमअली दारात आला आणि जमिनीवरचा पडदा पाहून थबकला. “अम्मा, हे काय! गावात काय तोंड दाखवू? कुणी काढला पडदा?”

नूरबानूनं डोळेसुद्धा पुसले नाहीत.

“मी काढला. मचवा परत धाड. अन् गावात कोण विचारील, त्याला माझ्याकडं घेऊन ये!”