कोरं झाकण

दसऱ्याच्या सकाळी शर्वरीने बनवलेली चिप निकामी झाल्याचं कळलं आणि जेवणाच्या आत तिच्या वडिलांनी, विद्याधरांनी, तिच्या मदतनिसाला, मुकेशला, घराबाहेर काढलं.

"जिस थाली में खाया, उसी में छेद किया!" ते फाटकात उभे राहून ओरडले. शेजारी बघत होते. मुकेश खाली मान घालून आपल्या गावी, टहरौलीला निघून गेला.

सीपरी बाजारातली खासगी तपासनीस नीरजा दुपारी आली. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून विद्याधर तिच्या हाताखाली हौसेने काम करत.

"चोर मी धरलाय. पुरावा तेवढा तू शोध."

"काका, तुम्ही नेहमी चोर आधी धरता," नीरजा म्हणाली.

शर्वरीची प्रयोगशाळा लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या त्यांच्याच घराच्या माडीवर होती. शर्वरीने समजावलं. नखाएवढ्या चिपवर प्रकाशाच्या बारीक वाटा असतात. कुठल्या वाटेतल्या प्रकाशाने किती मागे राहायचं, हे तारांमधून सांगितलं की किरण वळतो. आरसा फिरवावा लागत नाही. तळ्याच्या पलीकडचं अंतर मोजता येतं, निरोपही धाडता येतो.

"आणि आज?"

"लेझर ठीक आहे. पण किरण वळत नाही, नुसता पसरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सोन्याच्या तारा, केसाहून बारीक, सगळ्या एकाच बाजूला आडव्या झाल्यात."

"चिप कुठे होती?"

"या डबीत. काल नवमी म्हणून काम बंद होतं. प्रयोगशाळेच्या किल्ल्या मुकेशकडे आणि निशांतकडे. एक खाली देवघरात."

भागीदार निशांत वैतागला होता. "मी काल ग्वाल्हेरला, सासुरवाडीत. सोमवारी गिऱ्हाईक येणार. माझ्याच पोटावर मी पाय देईन?"

मुकेश फोनवर म्हणाला, "दीदी, मैडम ने पहले ही दिन सिखाया था, डिब्बी खोलो तो साँस रोक लो। कल तो हम आए ही नहीं। बाबूजी से कहिए..." त्याने फोन ठेवला.

नीरजा टेबलाभोवती फिरली. लॅपटॉपला कुंकू, लेझरला कुंकू, मीटरला, अगदी स्क्रूड्रायव्हरलासुद्धा. मधे झेंडूची फुलं.

"खंडेनवमीची पूजा मी केली," विद्याधर म्हणाले. "कमळा, हिची आई, गेल्यानंतरची पहिलीच. माझ्या पान्या-हातोड्यांचीही तीच करायची. खंड पडू दिला नाही."

नीरजाने डबी उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"काका, स्क्रूड्रायव्हरला कुंकू लागलं. घरातलं सगळ्यात मोलाचं हत्यार या डबीत, आणि झाकण कोरं. तेवढंच विसरलात?"

"विसरेन कसा? मी तर..." ते थांबले.

"निशांतचं यात नुकसानच आहे. मुकेश डबी उघडताना श्वास रोखणारा. चिप पळवायची असती तर ती इथे नसती. मोडायची असती तर एका फटक्यात मोडली असती. या तारा हळूच पुसल्या गेल्यात, एकाच बाजूला. घात करणारा पुसत बसत नाही. कुंकू झाकणावर नाही, मग कुठे लागलं?"

"आत," विद्याधर म्हणाले. "पण हात नाही लावला गं. झेंडूचं फूल कुंकवात बुडवून टेकवलं. डाग बरा दिसेना, म्हणून फुलानेच पुसला. फुलाने काय मोडणार?"

शर्वरीने डबी जवळ घेतली.

"आई झाकणावरच लावायची, बाबा," शर्वरी हळू म्हणाली. "तेही मला विचारून."

कमळा पूजा करायची तेव्हा विद्याधर पेपर वाचत बसत. प्रसादाची हाक आली की उठत. ती कुंकू कुठे आणि कसं लावते, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मुकेशला हाकलताना ही डबी आपणही उघडली होती, हे त्यांच्या मनालासुद्धा शिवलं नव्हतं.

नीरजाने मुकेशला फोन करून खरं काय ते सांगितलं. "बाबूजी से कहिए, कोई बात नहीं," तो म्हणाला. पण कामावर परत येतो, असं म्हणाला नाही.

शर्वरीने दुसरी चिप जोडायला घेतली. शेजाऱ्यांना अजून मुकेशच चोर वाटतो. टहरौलीची बस रोज सुटते. विद्याधर अजून त्याच्याकडे गेलेले नाहीत.