काय म्हणाला तो?

हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली आणि चाकाच्या खुर्चीत बसलेला माझा दादा गरजला, "मेर्द!"

कोपऱ्यात उभा असलेला चष्मेवाला माणूस खुदकन हसला. माझं टाळकंच सटकलं.

"हसताय काय? माणूस आजारी आहे, दिसत नाही?"

"माफ करा... पण इतकी मनापासून दिलेली शिवी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती."

"शिवी? तुम्हाला कळलं ते?"

"फ्रेंच शिकवतो मी. परदेशी हॉटेलांत कामाला जाणाऱ्या आचाऱ्यांना. शिव्या पहिल्याच आठवड्यात घेतो – नंतर फार उपयोगी पडतात."

दादाही आचारीच. परदेशात वर्षानुवर्षं राबला आणि डोक्यात गाठ घेऊन घरी आला. ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघाली नाही, पण त्याची मराठी मात्र गेली. तिकडच्या स्वयंपाकघरात कमावलेली फ्रेंच तेवढी तोंडात उरली. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. आईला मुलगा परत मिळाला होता, पण तो काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं.

त्या माणसाचा चष्मा डावीकडे कलला होता. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, मला असलं बघवत नाही. लिफ्ट हलेपर्यंत मी तो त्याच्या नाकावरून काढला, दांडी वाकवली आणि पुन्हा त्याच्या कानांवर चढवला. तो जागचा हललासुद्धा नाही.

"याचे किती द्यायचे?" त्यानं विचारलं.

"घरी येता?" मी म्हटलं. "माझ्या आईला तिच्या मुलाशी बोलायचंय."

तो आला, आणि मग रोजच येऊ लागला. आई त्याला मास्तर म्हणू लागली, मग मीही. आई पलंगाच्या उशाशी उभी राहायची आणि दादानं ओठ हलवले, की लगेच विचारायची, "काय म्हणाला तो?" मास्तर सांगायचे – पाणी हवंय, थंडी वाजतेय, तुमचे हात गार आहेत म्हणतात. आईचा चेहरा उजळायचा. मुलानं आपल्या हातांबद्दल तक्रार करावी, याचंही तिला कौतुक.

घरात औषधांचा वास कोंडलेला असायचा, म्हणून माझी फ्रेंचची शिकवणी जिन्यातल्या खिडकीपाशी चालायची.

"थकलो, हे पुस्तकात एक असतं आणि बोलण्यात दुसरं. बोलताना म्हणायचं – क्रेवे. म्हणजे पंक्चर झालो."

"आणि फारच वैताग आला तर?"

"रा ल बोल. वाडगा काठोकाठ भरला. आता बास."

"आणि... प्रेमानं हाक मारायची झाली तर?"

"कुणाला?"

"असंच. माहिती असावी."

"मों शू. माझा कोबी."

"कोबी?"

"नाहीतर मा प्यूस. माझी पिसू."

"या लोकांची लग्नं तरी कशी जमतात हो?"

"समोरची व्यक्ती पिसू म्हणवून घ्यायला तयार झाली..." मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "की जमलंच म्हणायचं."

माझी कानशिलं तापली. आत भाऊ मरणाच्या वाटेवर होता आणि मी जिन्यात उभी राहून लाजत होते. स्वतःची शरम वाटायची... तरी संध्याकाळ झाली, की मी केस विंचरायची.

मग डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करून बघता येईल. काही महिने मिळतील, कदाचित टेबलावरच जाईल. त्याची इच्छा काय आहे ते विचारा. मास्तरांनी दादाला विचारलं. दादा बराच वेळ बोलला, धापा टाकत.

"काय म्हणाला तो?"

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "करू म्हणतात. जगायचंय म्हणतात."

आई तोंड झाकून रडली, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाचं तोंड पुसत होते, तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. "रा ल बोल," तो म्हणाला. वाडगा भरला, आता बास. माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी विचारलं, ऑपरेशन? "नों." घरी राहायचं? "वी" – हो. पुन्हा ऑपरेशन म्हटलं, तर त्यानं डोळे मिटून नकाराची मान हलवली. हेच शब्द कालही माझ्या कानांवर पडले होते. पण मी माझ्या कानांपेक्षा मास्तरांवर विश्वास ठेवला होता.

संध्याकाळी मी त्यांना जिन्यातच अडवलं.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"का?"

"तुमची आई आधी माझ्या तोंडाकडे बघते, मग विचारते. तिला ते सांगायला... माझी जीभच उचलली नाही."

"त्याचं डोकं पुन्हा उघडणार होते ते! माझ्या भावाचं!"

"दुसरंही एक कारण आहे. ऐकलंत, तर इथूनच मला खाली ढकलाल."

"बोला."

"दादा गेले, तर... मी या घरी कुठल्या निमित्तानं येऊ?"

हे ऐकायला माझा जीव आसुसला होता. आणि ऐकलं ते हे असं. "निघा," मी म्हटलं. ते गेले.

आईला मी सगळं सांगितलं. ती दादाच्या पायांशी किती तरी वेळ बसून राहिली. मग उठली आणि डॉक्टरांना फोनवर म्हणाली, "नको. त्याला आता छळायचं नाही."

दादा उतरणीला लागला. त्याचं बोलणं तुटक झालं, माझे शब्द कमी पडू लागले. नाक मुठीत धरून मीच मास्तरांना फोन केला. ते आले, पण खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"आईला मीच सांगणार," मी बजावलं. "अडलं तर विचारीन. तुम्ही मधे पडायचं नाही."

"बरं," ते म्हणाले.

त्या दुपारी दादा जागा झाला. आई त्याचा हात कुरवाळत होती. दादानं तिच्याकडे निरखून पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच, परक्या घरात विचारावं तसं विचारलं, "से की, सेत दाम?"

मला अडलं नाही. सगळे शब्द अगदी सोपे होते. ही बाई कोण?

"काय म्हणाला तो?" आई माझ्याकडे बघत होती.

"म्हणतो..." मी म्हटलं, "आई, जवळ बस."

आई जवळच होती, ती आणखी सरकली. पण एकदा फसलेली बाई ती. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. "मास्तर... खरंच असं म्हणाला?"

मला मान वर करून बघायचा धीर झाला नाही.

"हो, आई," मास्तर म्हणाले. "अगदी असंच म्हणाले."

आईनं दादाच्या हातावर कपाळ टेकलं. मी उठले, दाराशी गेले आणि आईच्या देखत मास्तरांचा हात धरला.