उष्टी हळद

नवऱ्याकडची हळद आणायला बंटीला पाठवू नका, असं त्याच्या आईचं, मंगलचं, म्हणणं होतं. हा वाटेत कुठंतरी टेकणार, कुणाशी तरी गप्पा हाणत बसणार आणि इकडं पाटावर बसलेली पोरगी ताटकळणार. पण घरात दुसरं रिकामं होतं कोण? बाप मांडववाल्याशी हुज्जत घालत होता, चुलते भाजी आणायला गेलेले. शेवटी सकाळी दहाच्या सुमाराला बंटीनं मोटारसायकल काढली आणि वरवे बुद्रुकहून नसरापूरवरून सरळ मार्गासनी गाठलं.

तिथं सोपानला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, हळद लागून गेली होती. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला पाठवायची, तिला उष्टी हळद म्हणतात. ती नवरीच्या अंगाला लागली की निम्मं लग्न तिथंच लागलं, असं जुनी माणसं धरून चालतात. सोपानच्या आईनं ती वाटीभर हळद स्टीलच्या डब्यात घातली, वर फडकं बांधलं आणि वाटेत कुठं खाली ठेवू नका म्हणून दोनदा बजावलं. बंटीनं खरंच डबा कुठं टेकवला नाही. एवढं तरी त्याच्या पदरात टाकायला हवं.

घरी आला तर बायकांचं आवरायचंच होतं. कुणाचा अंबाडा व्हायचा होता, कुणाला पिवळी साडी सापडत नव्हती. मग डबा घेऊन तो जिना चढला आणि वरच्या आपल्या खोलीत गेला.

त्या खोलीत काचेची पेटी होती आणि पेटीत साप होता. बंटी म्हणजे सत्तावीस वर्षांचा बाप्या, हायवेच्या कंपनीत सुपरवायझर, कामाला वाघ. पण नाद हा असला. मोबाईलवर ओळख झालेल्या कुणाकडून तरी त्यानं तो आणला होता. समुद्रापलीकडच्या जंगलातला, झाडावर राहणारा अजगर. विष नाही, आवाज नाही. कागदपत्रंही नव्हती, म्हणून घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता. हातभर लांब आणि पिवळाधमक. ही जात लहानपणी पिवळी असते आणि मोठी झाली की हिरवी होते, हे बंटी कौतुकानं सांगायचा. पेटीत आडवी फांदी बसवली होती. तिच्यावर वेटोळी टाकून, मधोमध डोकं ठेवून तो दिवसभर पडून असे. मंगल त्याला नुसतं 'जनावर' म्हणायची आणि जिना चढायची नाही. बंटी त्याला पिवळ्या म्हणायचा.

डबा उघडा, हातात मोबाईल, खाली ढोलकीचा आवाज. बंटीला लहर आली. त्यानं पेटीचं कुलूप काढलं, करंगळी हळदीत बुडवली आणि म्हणाला, "तूच राह्यलास की रं बिनलग्नाचा."

आता बघा, दिवसाउजेडी कधी न हलणाऱ्या त्या जनावरानं डोकं उचललं. हळूहळू उचललं आणि टिळा लावून घ्यायला माणूस कपाळ पुढं करतो तसं बोटापर्यंत आणलं. बंटी खूश झाला. त्यानं हळद लावली, व्हिडिओ काढला. हळदीत पडलेला खळगा कुणाला दिसू नये म्हणून तेच बोट त्यानं वरून फिरवलं आणि डबा खाली नेऊन दिला.

बंटीची बहीण गायत्री पाटावर बसली होती. पहिलं बोट गालाला लागलं तशी ती शहारली. हळद लई गार आहे, म्हणाली. बायका हसल्या. भाटघरची भामाबाई, बंटीची थोरली आत्या, तिचा हात मात्र तसाच थांबला. तिनं डबा नाकाशी नेला आणि बंटीकडं बघितलं.

"नवऱ्यामागनं ही आनिक कुनाला लागली न्हाई ना रं?"

"न्हाई आत्या," बंटी म्हणाला.

एवढं एक खोटं. चेष्टाच तर केली होती, तिचं काय सांगत बसायचं, असं त्याला वाटलं. गायत्रीला कानापासून पावलापर्यंत हळद लागली.

संध्याकाळी तो वर गेला तर सापाच्या डोक्यावरची हळद नव्हती. तिथं करंगळीएवढा हिरवा ठिपका होता. वय झालं, रंग बदलतोय, असं त्यानं स्वतःला समजावलं. सकाळी मानेपर्यंत हिरवं झालं होतं. त्याला तर माहीत होतं की या बदलाला महिने लागतात. त्यानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि लग्नाच्या कार्यालयात पळाला.

दुपारी नसरापूरच्या कार्यालयात लग्न लागलं. भटजींनी अंतरपाट बाजूला केला, अक्षता पडल्या, हार घेऊन सोपान समोर उभा. गायत्रीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तिनं मान वर केली. छताला लोखंडी पट्ट्या होत्या, त्यातल्या एकीकडं बघून ती लाजली. मामानं दंडाला धरून हलवलं तेव्हा तिनं हार घातला. लोकांना वाटलं, पोरगी बावरली. बंटीनं वर बघितलं. वर नुसती पट्टी होती, पण त्याच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

आठव्या दिवशी सोपान तिला माहेरी घेऊन आला. चहा झाला तसा त्यानं बंटीला गोठ्याकडं बोलावलं. सोपान सरळ माणूस, मोजकं बोलणारा.

"बंटीभाऊ, ती झोपती... पन डोळं मिटत न्हाई. पापनीच लवत न्हाई. हात धरावा तर गार लागती. आन परवा भर दुपारी घरभर हुडकली. वरच्या माळ्यावर बसली हुती... तितं शिडी न्हाई." त्यानं गोठ्याच्या खांबाला हात टेकला. "तुमी म्हनाल, टाकायला आनली. तसं न्हाई. मला ती बरी करून परत न्यायची हाय."

बंटी तडक, लग्नापासून अजून मुक्कामाला असलेल्या भामाबाईपुढं जाऊन बसला आणि रडत रडत सगळं ओकला. आत्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तिचं तोंड पार उतरलं, ते त्याला जास्त लागलं.

"म्हंजी हळद त्याची लागली तिला," ती म्हणाली. "सोपानरावाची न्हाई."

मग तिनं उपाय सांगितला. पूर्वी नवरा-बायकोचं तुटलं की काडीमोड करायचे. कोर्ट नाही, वकील नाही. बाईनं ज्याच्याकडं तोंड करून काडी मोडली, त्याचं-तिचं नातं संपलं. गायत्रीनं पेटीकडं तोंड करून काडी मोडायची, बस्स. सोपानला हे सांगायचं का, असं आत्यानं विचारलं. बंटीनं नको म्हणून मान हलवली. त्याला काय सांगणार, तुझ्या बायकोचं लग्न कुणाशी लावून बसलोय म्हणून? तिची दृष्ट काढायचीय, असं त्यानं दाजींना सांगितलं आणि दाराबाहेर थांबायला लावलं.

तिसऱ्या प्रहरी पेटी खाली माजघरात आणली. वर चादर टाकली होती. कुलूप तसंच, किल्ली बंटीच्या खिशात. पेटी उचलताना आत काहीतरी सावकाश सरकल्याचं त्याच्या हाताला कळलं, म्हणजे जनावर आत होतं. गायत्रीला समोर बसवलं. भामाबाईनं तिच्या हातात वाळकी काडी दिली.

"पेटीकडं बग बाय, आन मोड."

गायत्री बसून राहिली. खोलीत पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा वास सुटला. दिवस तर वैशाखाचे. बाहेर सोपाननं घसा खाकरला. काळजीनं त्यानं दारातून आत डोकावलं होतं, बिचाऱ्यानं.

गायत्री उठली आणि वळली.

"तिकडं न्हाई... गायत्री, तिकडं न्हाई," बंटी पुटपुटला.

तिनं सोपानच्या डोळ्यांत बघितलं आणि काडी मोडली. कट् आवाज झाला, दोन्ही हातांतल्या बांगड्या खळखळल्या. एक तुकडा तिनं स्वतःजवळ ठेवला, दुसरा सोपानच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली. आठ दिवसांत तिनं आपण होऊन त्याला हात लावला तो हा पहिल्यांदा. सोपानचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, उतारा लागू पडला. मूठ घट्ट धरून तो बंटीकडं बघून हसला.

भामाबाई मटकन खाली बसली. बंटीनं चादर ओढली.

फांदीवर हिरवी वेटोळी होती. आहे, आत आहे, म्हणून त्यानं सुस्कारा टाकला. मग नीट बघितलं. ती काचेची कांकणं होती, नवरीच्या चुड्यातली. एकाला एक लागून फांदीत ओवलेली, एकही फुटलेली नाही. फांदीची दोन्ही टोकं काचेत गच्च बसवलेली होती, ती त्यानंच बसवली होती. कुलूप लावलेलं होतं. साप पेटीत नव्हता.

त्यानं बहिणीच्या हातांकडं बघितलं. दोन्ही मनगटांत चुडा होता, भरगच्च, हिरवागार. गायत्रीनं पदर सावरायला हात वर केला. चुडा मनगटावरून खाली कोपराकडं सरकला, थोडा थांबला आणि आपला आपण परत वर आला. त्याचा आवाज झाला नाही.