डुलांची जोडी

"ओ बाई, भिंतीवरून उतरा आधी!"

मी दचकून खाली बघितलं. चपलेखाली नुसता चिखल. "कुठली भिंत?"

"हीच… दोन हजार वर्षं टिकली बिचारी. तुम्ही उभ्या राहिलात आणि आत्ता खचली."

"माझ्या वजनावर जाऊ नका हं!"

हातात ब्रश, नाकावर माती आणि वर हसू! मी नव्या वाचनालयाची आर्किटेक्ट, आणि हा माझ्या इमारतीच्या पायाच्या जागी जुनं गाव उकरणारा पुरातत्त्ववाला. पहिल्याच दिवशी त्याने माझे चार खांब अडवले. मी कडाकडा भांडले. आणि भांडता भांडता… जाऊ दे, व्हायचं ते झालं.

मी त्याला 'मातोबा' म्हणायचे, तो मला 'खांबेबाई'. त्या भिंतीलगत एक जुनी चूल सापडली. तिच्यासाठी मी नकाशा पुन्हा काढला, खांब सरकवले, वर काचेची जमीन आखली. पुस्तक वाचता वाचता लोकांना खाली चूल दिसावी, एवढीच माझी हौस.

"काच नको," तो म्हणाला. "आत दमट होईल, शेवाळ धरेल. वाळू भरून बुजवायचं, वर खुशाल बांधा. झाकलेलं टिकतं, खांबेबाई."

"मग पुढच्यांना कसं कळणार, तुम्ही इथे उकरलं होतं ते?"

"बुजवताना आजची एखादी वस्तू ठेवतो आम्ही. पुढे कोणी खणलं की समजतं, आधी कोणीतरी येऊन गेलंय." त्याने माझ्या कानातला डूल बोटाने हलकेच हलवला. "हा द्याल? एकच. म्हणजे जोडी शोधत मला तुमच्याकडे यावंच लागेल…"

डूल त्यानेच दिलेले. मी लाजून चूर. वेडी कुठली! नकाशातल्या काचेवर मी स्वतःच फुली मारली.

'घरी सांगतो,' म्हणायचा. आधी आईचं ऑपरेशन आडवं आलं, मग भाचीची परीक्षा. मी थांबले.

एक दिवस त्याची ताई साइटवर आली. "या आमच्या आर्किटेक्ट मॅडम," त्याने ओळख करून दिली.

मॅडम!

ताई स्वभावाने गोड. माझा हात धरून म्हणाली, "तुम्हीच समजवा हो याला. मुलगी बघितली, होकार कळवला, आणि आता लग्नाची तारीख काढायची म्हटलं की टाळतो."

ती गेल्यावर मी त्याला गाठलं.

"आईपुढे नाही म्हणवलं नाही गं…" तो म्हणाला. "काढतो मी काहीतरी मार्ग. तोवर कोणाला कळायला नको. आपलं आपल्यापाशी राहू दे, झाकलेलं—"

"टिकतं? अरे, मी भिंत नाही! मला चारचौघांत उभं राहायचंय, तुझ्या शेजारी."

तो खाली बघून ब्रशवरची माती झटकत राहिला. त्याचाच मला जास्त राग आला. सिमेंटच्या पोत्यांमागे जाऊन मी हमसून हमसून रडले.

बुजवायच्या दिवशी मजूर वाळूच्या पाट्या भरून उभे होते. त्याने मान खाली घालून हात पुढे केला. मी त्या हाताकडे बघितलंही नाही. खाली उतरले, कानातले दोन्ही डूल काढले आणि चुलीत ठेवले.

"एकच पुरे…" तो पुटपुटला.

"नको. जोडी शोधत कोणी यायला नको."

वर आले आणि मजुरांना म्हटलं, "टाका वाळू."