दत्तोबाची कानाची मिशीन

हौशीराम निगाला व्हता ते पातेलं आनायला. येवडंच काम. त्याचा चुलता दत्तोबा, ज्याला त्यो तात्या म्हनायचा, वारला, त्याचं दहाव्याचं समदं सकाळी इंद्रायनीच्या घाटावर उरकलं, आन बायका पातेलं तितंच इसरून आल्या. त्याची बायको अनिता म्हनली, अवं, अंधार पडायच्या आत घिऊन या. गेल्या साली कार्तिकातल्या अमावस्येची सांज व्हती. सुरज, मोबाईल ठिव रं खाली, ऐकायचं आसंल तर नीट ऐक. कान्हे गावचा मानूस हाय, वळखीतला, म्हून सांगतोय.

हौशीराम तळेगावला कंपनीत प्रेसवर. पत्रा सारायचा, हात काडायचा, की प्रेस खाली. वीस वरसं त्यो दणका ऐकून कान गेलं, आन कानात शिट्टी बसली. दिसा कामात दबायची, पर उशीला डोकं टेकलं की सुरू. महिनाभर डोळ्याला डोळा न्हाई. दोनदा प्रेसवरच डुलकी लागली. दुसऱ्या टायमाला शेजारच्यानं कॉलर धरून मागं वडला, न्हाईतर दोनी हात पत्र्याबरं चपटं झालं आसतं. तिसऱ्या टायमाला कोन वडनार?

तळेगावात कान तपासनाऱ्या अपेक्षा मॅडम हैत. त्यांनी सांगितलं, कमी ऐकू येतंय म्हून शिट्टी मोठी वाटती. मिशीन लावली की भाईरचं आवाज आत येत्यात आन शिट्टी मागं पडती. पर मिशीन ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाची लागती, आन माप घ्यायला पुडल्या आठवड्यात यावं लागंल. हौशीरामाला आठवडा म्हंजी जलम वाटला.

तर घाटावर. आपली रीत ठावं हाय न्हवं? मेल्या मानसाची कापडं, काठी, चष्मा, समदं गठुडं बांधून तितं सोडायचं आन मागं वळून बगायचं न्हाई. ते गठुडं कुत्र्यांनी फाडलं व्हतं. धोतराच्या चिंध्यांत दत्तोबाची कानाची मिशीन पडली व्हती.

म्हातारा जलमभर तंबाखू चघळनारा. मळलेल्या बोटांनीच मिशीन कानात घालायचा. कानात जानारा त्यो साचा पिवळा पडलेला, भोकात मेनावानी मळ, मळात तंबाखूची भुकटी, आन दोन पांढरं केस. थू! आन ह्या शहाण्यानं काय करावं? काडीनं मळ कोरला, शर्टाला पुसला, आन उजव्या कानात घातली.

दुसऱ्याचा साचा बसायलाच नको व्हता. ह्याला गपकन बसला.

शिट्टी थांबली. पान्याचा आवाज आला, पाखरांचा आला. हौशीराम पातेलं मांडीवर घिऊन तितंच रडला. गरजवंताला अक्कल नसती, दुसरं काय.

त्या रातीला मिशीन न काडताच निजला. झोपबी लागली. मध्यान रातीला जाग आली ती आवाजानं.

पच... पच... पच...

कोनतरी चघळत व्हतं. मदीच लाळ गिळल्याचं ऐकू यायचं. अनिता पल्याड निजलेली, तोंड मिटून. मिशीन बिगाडली आसंल म्हून त्यानं ती काडली. साच्याबरं लाळंची तार आली, तपकिरी, लांबत उशीपातूर. तुटंना. कुजक्या तंबाखूचा वास सुटला.

मिशीन हातात.

आन पच... पच... चालूच. कानाच्या आत.

त्यानं बोट घातलं. वलं लागलं. कोमट.

"तात्या..." हौशीराम पुटपुटला.

चघळायचं थांबलं.

कोनीतरी कान दिऊन ऐकावं, आसं गप.

मग... डाव्या कानात सुरू झालं.

उजाडंस्तवर त्यो मोरीत बसून वकत व्हता. सकाळी मिशीन इंद्रायनीत फेकली, तात्याची माफी मागून नारळ सोडला. चघळायचं बंद. आन शिट्टीबी बंद. आठ दिस मानूस ढाराढूर निजला. मॅडमकडं गेला त्यो फकस्त सांगायला, की आता मिशीन नको. अनिताबी संगं व्हती.

मॅडम म्हनल्या, आलाच हायसा तर कान बगू. बत्ती धरली. लय येळ बगत ऱ्हायल्या. मग चिमटा घातला, हळूहळू वडला. उजव्या कानातनं कापसाचा बोळा आला. वला, तपकिरी, येका अंगानं जळालेला. त्यात लाल दोरा.

"हा कापूस कोणी घातला?"

हौशीरामानं वळखला. तिरडीवर ठिवताना म्हाताऱ्याच्या कानात बोळं त्यानंच घातलं व्हतं. म्हाताऱ्याच्याच उशीतला कापूस, लाल दोऱ्यासकट. आन चिता समद्यांच्या म्होरं पेटली व्हती.

मॅडमनी दुसऱ्या कानात बत्ती धरली. "इथेही आहे," म्हनल्या, आन चिमटा उचलला.

पर बोळा निघाल्यापास्नं उजव्या कानात शिट्टी पुन्यांदा सुरू झालती. हौशीरामानं मॅडमचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या त्यो," म्हनला.

आजबी त्यो प्रेसवर जातोय. उजव्या कानात शिट्टी हाय, पर डावा गप, म्हून झोप लागती, हात शाबूत हैत. अनिता रोज सकाळी उशीचा अभ्रा धुती. डाव्या अंगाला तंबाखूच्या थुंकीचा डाग आसतोय. हौशीराम तंबाखू खात न्हाई.